झेंडूचं बाळंतपण

"पोस्टवाले भाऊ, आलं का माह्यं लेकरू?"

हा प्रश्न धानोऱ्याच्या सरकारी दवाखान्याच्या ओसरीतून सुटायचा, मधला रस्ता ओलांडायचा, चिंचेखाली रवंथ करणाऱ्या गुरांना दचकवायचा आणि पोस्टाच्या खिडकीतून थेट माझ्या शिक्क्यावर येऊन आदळायचा. प्रश्न विचारणाऱ्या बाई मात्र तिकडेच, कुणाच्या तरी दंडात सुई टोचत उभ्या असायच्या. ज्याच्या दंडात सुई, तो बिचारा ओरडायचंच विसरून जायचा. सत्यभामा मेश्राम यांचं इंजेक्शन दुखत नाही अशी तालुक्यात ख्याती होती. मला विचाराल तर त्यात हाताच्या हलकेपणाचा काही संबंध नव्हता. त्या आवाजापुढे सुईचं काही चालतच नसे.

गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. धानोऱ्यात आम्हा नोकरदारांना करमणूक म्हणजे आठवडी बाजार, तेंदूपानाच्या हंगामातली गर्दी आणि शिस्टरबाई. सगळा गाव त्यांना शिस्टरबाईच म्हणायचा. उंच, रुंद, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचलेला. नवरा बल्लारपूरच्या कारखान्यात होता. तो सुट्टीला आला की दारात खाट टाकून गप्प बसायचा, कारण घरात बोलायला जागा शिल्लक नसायची.

आणि लेकरू म्हणजे काय? तर झेंडूचं बी! कुठल्याशा मासिकातली जाहिरात पाहून बाईंनी व्ही.पी.ने पाकीट मागवलं होतं. ते आलं तेव्हा मी ते हातात दिलं आणि बाईंनी पोस्टातच ते डोळ्यांसमोर धरून आनंदाने एक आरोळी ठोकली. पाकिटावर चित्र होतं. एक गोबरं पोर हसतंय, त्याच्या गालाला लागून एक केशरी झेंडू, आणि दोघं सारख्याच मापाचे!

"पाहा जी भाऊ! लेकराच्या तोंडाएवढं फूल! अन् आपल्या इथी काय, बोराएवढे गेंदे. बाजारात मोजून घेतले तरी हार भरत नाई."

दवाखान्याचे डॉक्टर सांगलीकडचे, तरुण आणि नव्या नोकरीचे. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि हसले. "सिस्टर, ही फोटोवाल्याची करामत आहे हो. फूल कॅमेऱ्याच्या जवळ धरायचं, मूल लांब बसवायचं. झालं!"

"साहेब, तुमी एक्सरे पाहता तवा म्हणता का, फोटोवाल्याची करामत आहे म्हणून?"

डॉक्टरांनी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण माणूस तरुण होता. ते म्हणाले, "असा झेंडू तुम्ही इथे फुलवून दाखवा. मी फाटकात उभा राहून गावाला सांगेन, सिस्टर शहाण्या आणि डॉक्टर खुळा. नाही फुलला तर मात्र ओसरीपुढच्या त्या वाफ्यात वांगी लावायची. वरण खाऊन जीव गेलाय माझा."

"वांगे?" बाईंनी असा चेहरा केला, जणू डॉक्टरांनी वाफ्यात डुकरं पाळायची भाषा काढली. "ठीक आहे. वांगे तं वांगे. पण साहेब, खुळा म्हणून मोठ्यानं म्हणाचं. तुमचा आवाज लहान आहे."

पहिल्या वर्षी बाईंनी अर्धंच बी पेरलं. उरलेलं अर्धं गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून, डबी तांदळाच्या कोठीत पुरून ठेवली. "सारे लेकरं एकाच गाडीत बसवत नसतेत," हे त्यांचं म्हणणं.

पेरलेल्या अर्ध्याचे मात्र असे लाड झाले की विचारू नका. शेणखत झालं, पेंड झाली, मग सोसायटीतून आणलेला युरिया झाला. झेंडू वाढला. कमरेला आला, छातीला आला, बाईंच्या खांद्याला लागला. खोड अंगठ्याएवढं, पाला असा हिरवागार आणि दाट की ओपीडीची रांग त्याच्या सावलीत बसू लागली. फूल? नाव नाही! सगळा गाव रोज येऊन पाहायचा आणि बाई रोज म्हणायच्या, "आता येते, आता येते." शेवटी फूल आलं नाही, ठाण्याचे जमादार आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की सरकारी दवाखान्यापुढे माणसाएवढा गांजा उभा आहे.

जमादारांनी मिशीवरून हात फिरवत एक पान खुडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि सटासट शिंकले.

"बाई, हे काय लावून राह्यल्या तुमी?"

"गेंदा."

"मंग फूल कुठी आहे?"

बाईंनी खालच्या पानापासून शेंड्यापर्यंत सगळं झाड पुन्हा एकदा धुंडाळलं. संध्याकाळी पोस्टाच्या पायरीवर येऊन बसल्या आणि मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "समजलं जी भाऊ! खाऊ घालाचं असते ते पोटुशीले, अन् मी पोट राहाच्या आधीच घालून बसली. लठ्ठ झाली न पोरगी! आता कायची कळी धरते?"

डॉक्टरांनी वांग्याची रोपं मागवायची बोलणी सुरू केली. बाईंनी त्यांना सांगितलं की पहिलटकरणीचं एखादं जात असतं, डॉक्टर असून एवढं कळू नये का? आणि मुदत एक वर्षाने वाढवून घेतली.

दुसऱ्या वर्षी पावसाळा धरला तशी तांदळातली डबी वर आली. या खेपेला बाईंनी शिस्त लावली. गादीवाफ्यात राख आणि चाळलेली माती. बी नुसतं वरवर, त्यावर मातीचा हात फिरवल्यासारखा थर. पाणीसुद्धा ओल्या फडक्यातून पिळायचं. रोपं बोटभर झाली की ओसरीपुढच्या वाफ्यात ऐसपैस अंतरावर लावली. आणि मग रोजची तपासणी! सकाळी खाटांवरचे रोगी पाहून झाले की बाई वाफ्यात उतरत. पंजा पालथा करून पानांना लावत, ताप पाहावा तसा. "तुले काय झालं वं? काल तं चांगली होती." एखादं रोप मान टाकून असलं तर त्याच्याशी खाजगीत, म्हणजे फक्त अर्ध्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, बोलणं होई.

यंदा कळ्या आल्या! घोसांनी आल्या! आम्ही पोस्टातून टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो बाई नखांनी कळ्या खुडताहेत. एका डहाळीला शेंड्याची एक कळी ठेवायची आणि बगलेतल्या सगळ्या पटापट काढून टाकायच्या.

लस टोचून घ्यायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या. त्यांतली एक धीट होती. ती म्हणाली, "शिस्टरबाई, आमच्या मागं लागता तं लागता. आता फुलाच्या बी मागं लागल्या का?"

"मी सरकारी बाई आहो!" बाई खुडता खुडता गरजल्या. "माह्या वाफ्यात एक डहाळी, एकच कळी! दहा जणींत वाटलं तं एकीच्या बी तोंडी पुरत नाई. एकच ठेव, पण अशी ठेव का जमादारानं सलाम केला पाह्यजे!"

कुटुंबनियोजनाचं इतकं परिणामकारक भाषण त्या दवाखान्यात आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नसावं. त्या बायांनी घरी जाऊन काय केलं मला माहीत नाही, पण कळ्या खुडायला मात्र दोघीतिघी वाफ्यात उतरल्या.

मग आलं सलाईनचं प्रकरण. पाऊस मधेच ओढ देऊन बसला आणि उन्हाने कळ्या मलूल पडायला लागल्या. तेव्हा सलाईनच्या बाटल्या काचेच्या असायच्या. फेकायच्या बाटल्यांतली एक बाईंनी घेतली, विहिरीच्या पाण्याने भरली, बांबू रोवून त्याला उलटी टांगली आणि नळी सगळ्यात तेज अशा एका रोपाच्या मुळाशी सोडली. टप, टप, टप. वर हाताने चाकी फिरवून थेंब मोजणं सुरू.

नेमका त्याच वेळी लालसूबाबा आला. जंगलातल्या पाड्यावरचा म्हातारा गोंड. अंग मोडून आलं होतं म्हणून पायी चालत आला होता. डॉक्टरांनी त्याला तपासून गोळ्या दिल्या आणि परत पाठवलं. तो ओसरीच्या पायरीवर आला, त्याची नजर वाफ्याकडे गेली आणि तिथेच तो खाली बसला.

"काऊन बसला जी बाबा?" बाईंनी विचारलं.

"जात नाई मी."

"काऊन?"

त्याने काठीने रोपाकडे दाखवलं. "त्याले सलाईन. मले गोळ्या."

आता आमच्याकडे सलाईनला काय मान होता ते ठाऊक असल्याशिवाय या वाक्याचं वजन कळायचं नाही. गोळी म्हणजे डॉक्टरने कटवलं. सुई म्हणजे थोडं लक्ष दिलं. सलाईन म्हणजे खरा उपचार! सलाईन लागलेला माणूस परत गेला की शेजारी भेटायला यायचे. आणि इथे ते एका झाडाला लागलं होतं, तेही ओसरीपुढे, सगळ्यांदेखत!

"अगा, साधं विहिरीचं पाणी आहे ते!"

"मंग मले बी विहिरीचंच लावा," म्हातारा म्हणाला. "मी कुठी नाई म्हणतो?"

रांगेतले सगळे लालसूबाबाच्या बाजूचे झाले. "बरोबर आहे बाबाचं!" डॉक्टर बाहेर आले. त्यांनी शास्त्र समजावलं, क्षार समजावले, रक्त समजावलं. म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "झाडाच्या अंगात रक्त आहे का?"

"नाही."

"त्याले लावलं."

शेवटी बाईंनीच तोड काढली. नळी रोपाच्या मुळातून उपसली, बाटली काढली, म्हाताऱ्याला ओसरीवर बसवलं आणि त्याच बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून त्याच्या हातात दिलं. "घे बाबा. झाडाले नळीनं द्या लागते, त्याले तोंड नाई. तुले तोंड आहे, अन् चांगलं चालते बी. पी." म्हाताऱ्याने पेला दोन्ही हातांनी धरून पाणी संपवलं, ओठ पुसले, अंग झटकून पाहिलं. "फरक आहे," म्हणाला, आणि गोळ्या कनवटीला लावून खुशीत गेला. नंतरचे कित्येक दिवस ओपीडीत येणारा प्रत्येक माणूस 'गेंद्याचं पाणी' मागत होता आणि डॉक्टर कपाळाला हात लावून बसत होते.

आणि मग ते फूल आलं.

आता मी तुम्हाला त्याचं माप सांगितलं तर तुम्ही म्हणाल पोस्टमास्तर रंगवून सांगतोय. रंगवून सांगायची सवय मला आहे, पण इथे गरजच नाही. कळी फुटली तेव्हा सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, मग संत्र्याएवढी झाली आणि थांबायचं नावच घेईना. पाकळ्यांवर पाकळ्या, त्यांच्या आत आणखी पाकळ्या. दोन्ही हातांची ओंजळ केली तर त्यात मावेल न मावेल! रंग असा तापलेला केशरी की सकाळच्या उन्हात जवळ जायला भीती वाटावी. बाजाराच्या दिवशी लोक भाजीच्या पिशव्या घेऊन रांगेने पाहायला आले. खरंच जमादार आले. सलाम नाही केला, पण टोपी काढली.

डॉक्टर मात्र पाकीट घेऊन उभे. "सिस्टर, फूल मोठं आहे, मान्य. पण चित्रातल्या मुलाच्या चेहऱ्याएवढं? माझ्या पुतण्याचा चेहरा यापेक्षा मोठा आहे."

गर्दी हिरमुसली. सगळ्यांना दिसत होतं, फूल थोडं कमी पडतंय. मी वांगी डोळ्यांपुढे आणायला लागलो.

बाई मात्र हसत होत्या. "पुतण्या कितवीत आहे जी तुमचा?"

"बालवाडीत."

"लेकरू किती मोठं पाह्यजे ते पाकिटावर कुठी लिवलं आहे?"

आणि बाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात आदल्याच दिवशी त्यांच्या हातून जन्मलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं एक मूल होतं. मागून त्या मुलाची आजी हसू दाबत. बाई वाफ्यात बसल्या, मुलाचं तोंड हळूच फुलाशेजारी नेलं. फूल आणि मूल! तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही. मुलीने एक डोळा उघडला, शेजारी काय उगवलंय ते पाहिलं आणि जांभई दिली.

काय सांगू तुम्हाला! गाव ओरडला. आजी म्हणाली, "माही नात त्याच्याहून देखणी आहे, हे बी लिवून घ्या!" डॉक्टर शब्दाचे पक्के. फाटकात उभे राहिले आणि म्हणाले. लहान आवाजात म्हणाले, म्हणून बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं.

बाकी कुणीही इथे थांबला असता. बाईंसाठी मात्र खरी काळजी आता सुरू झाली. त्यांना फूल नको होतं, फुलाचं बी हवं होतं. "कोठीतलं सारं सरलं. याच्याच पोटी काय आहे ते आहे. हे झाडावर वाळलं पाह्यजे, तवा बी पिकते." एवढ्या बियांतून असं अंग एकाच रोपाने धरलं होतं. ते एक फूल गेलं की सगळं पुन्हा बोराएवढं.

पण फुलत्या झेंडूच्या दिवसांत तसलं फूल झाडावर वाळू द्यायचं? कुणाला ते पटेना. दसरा तोंडावर आलेला. दवाखान्याच्या जीपच्या ड्रायव्हरला ते बॉनेटवर हवं होतं. विहारातली मंडळी त्याच दिवसासाठी फूल मागायला आली. ती तर बाईंची घरची माणसं.

"बुद्धाले नाई म्हणता का बाई?"

"मी कायले नाई म्हणू? पुढच्या साली घमेलंभर आणून वाहातो. आज एक देऊन खुश करू, का मंग सदाचं देऊ, तुमीच सांगा."

तरी बोटांचा भरवसा नाही म्हणून बाईंनी जुन्या पांढऱ्या पातळाचं टोपडं शिवलं, बारक्या नाडीचं, आणि फुलाच्या डोक्यावर बांधून टाकलं. ओसरीत येणारं प्रत्येक माणूस टोपड्याकडे पाहून आवाज खाली आणायचं. वाफ्यात कुणीतरी झोपलंय असंच वाटायचं.

दसरा गेला. टोपड्याच्या आत फूल सुकत, तपकिरी पडत चाललं. बाई रोज बाहेरूनच चाचपून पाहत. "अजून कच्चं आहे. देठ हिरवा आहे." आणि त्याच सुमाराला माझ्या खिडकीत एक रजिस्टर पाकीट आलं. बाईंच्या नावाचं. मी नेऊन दिलं. बाईंनी उभ्याउभ्या वाचलं.

बदली. तिकडे थेट सिरोंच्याकडे. ताबडतोब हजर व्हायचं.

"बदलीले नाई भेत मी," बाई म्हणाल्या. मान मात्र वाफ्याकडे वळलेली. "पण याले महिना पुरा झाला नाई जी."

मी म्हणालो, "बाई, मी सांभाळतो ना. पिकलं की पोस्टाने पाठवतो."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी? तुमी तं तुळस वाळवली जी."

डॉक्टरांनी होतील तितके दिवस ओढून दिले. मग वरून दुसरी तंबी आली आणि बाईंनी ठरवलं, झाड सोबत न्यायचं! सगळ्यांनी समजावलं. एवढ्या अंगाचं झाड या दिवसांत उपटलं तर मरेल. "उपटते कोण? बाळंतीण खाटेसकट नेतो मी." तेलाचा मोठा पत्र्याचा डबा कापला, रोपाभोवती रुंद गोल खणला आणि मातीच्या गड्ड्यासकट रोप डब्यात उतरवलं. बाई खाली, झाड वर, टोपडं त्याहून वर, अशी ती वरात सकाळी एस.टी.च्या थांब्यावर निघाली. अर्धा गाव मागे.

कंडक्टर दारात आडवा. "बाई, सामान टपावर."

"टपावर? पोटुशीले टपावर टाकता का तुमी?"

"कोण पोटुशी?"

बाईंनी डब्याकडे बोट दाखवलं. कंडक्टरने टोपड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. त्याने मुकाट्याने ड्रायव्हरमागची सीट मोकळी करायला सांगितली. डॉक्टर स्वतः डबा उचलायला पुढे झाले. बाई दाराच्या पायरीवर चढल्या आणि तिथून त्यांना आठवलं की डॉक्टरांना शेवटचं काही सांगायचं राहिलंय.

"साहेब!" म्हणून त्या गर्रकन वळल्या.

त्यांचा खांदा झाडाला लागला. झाड दाराच्या चौकटीला लागलं. काट्.

देठ मोडला. टोपडं फुलासकट पायरीवर पडलं.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. डॉक्टर डबा धरून तसेच वाकलेले. कुणालाच बाईंच्या तोंडाकडे पाहवेना.

बाई पायरीवर बसल्या. टोपडं मांडीवर घेतलं, नाडी सोडली. आतलं फूल मळकट, आक्रसलेलं, त्या केशरी तेजाचा मागमूस नाही. हलक्या हातानं त्यांनी कडेची एक वाळकी पाकळी धरली आणि ओढली. पाकळीच्या मागून सुईसारखं काहीतरी निघालं. बाईंनी ते डोळ्यांपाशी नेलं. दाताखाली धरलं. आणखी एक ओढलं. मग आतल्या ओळीतलं एक. ते पांढरं, मऊ निघालं. पुन्हा कडेचं.

"काळं आहे," बाई पुटपुटल्या. पुटपुटल्या! आणि मग त्या थांब्यावर तो आवाज फुटला. "काळं आहे जी! कडक आहे! मधलं गेलं, कडेचं पिकलं! सातव्या महिन्याचं आहे, पण जगते, जगते!"

असा गलका झाला की टपावरच्या कोंबड्या फडफडल्या. कंडक्टरने का कोण जाणे, दोन्ही हात वर केले. बाई मांडीत पाकळ्या ओढत होत्या, हसत होत्या, पदराने नाक पुसत होत्या. ओढता ओढता थांबल्या, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या इथी. हात पुढं करा. एकाच पदरात ठेवलं अन् रस्त्यात काही झालं तं? चौघांच्या घरी राहीन, तं एकाच्या घरी तं उगवन."

डॉक्टरांच्या तळहातावर चिमूटभर. विहारातल्या मंडळींना, जमादारांना, आजीला. कंडक्टरने तिकिटांच्या पेटीवरचा हात काढून पुढे केला. मलासुद्धा! "तुळशीवाल्या, जपून." ते बी म्हणजे नुसतं हलकं कुसळ, फुंकर लागली तरी उडेल. आम्ही घट्ट मुठी वळल्या.

बस सुटली. बाईंचं डोकं खिडकीबाहेर. "वरवर पेरा जी! खोल नाई! युरिया नाई! साहेब, बगलेतल्या कळ्या खुडाच्या, दया नाई कराची!" धुळीतून आवाज येतच होता. बस वळणाला लागली, बाईंचा पांढऱ्या बाहीतला हात बाहेर आला आणि जोरजोरात हलू लागला.

आम्हालाही हात हलवायचे होते. पण वारा सुटला होता, आणि तळवा उघडायची कुणाची हिंमत नव्हती. बस दिसेनाशी होईपर्यंत आम्ही सगळे, डॉक्टर, जमादार, आजी आणि मी, रस्त्यात उभे राहून मिटलेल्या मुठीच हलवत राहिलो.